सोयाबीन पावसाच्या खंडातही जाते, पाण्यातही जाते. मग पेरावे तरी काय?

वाचकांचे प्रश्न : शेती आणि पशुधन

पावसाच्या बदललेल्या चालीविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गाव किंवा तालुका ठेवला आहे.

प्रश्न : आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे आणि दरवर्षी सगळीकडे सोयाबीनच असते. २०२३ साली ऑगस्टभर पाऊस नव्हता, त्यामुळे शेंगा भरल्याच नाहीत. २०२५ साली पीक हाताशी आले असताना सप्टेंबरच्या पावसात पाण्यात उभे राहिले आणि शेंगेतच दाण्यांना मोड आले. दोन्ही संकटांत टिकेल असा वाण कोणता? (औसा, जि. लातूर)

उत्तर : ऑगस्टमधला महिनाभराचा खंड आणि सप्टेंबरमधले साचलेले पाणी हे दोन्ही सोसणारा सोयाबीनचा वाण नाही, आणि जो विक्रेता तसे सांगून पिशवी विकतो त्याच्यापासून दूर राहिलेले बरे. दोन्ही प्रकारच्या वर्षांतले नुकसान कमी होईल अशी शेताची रचना मात्र करता येते, आणि आमच्या मते वाणाच्या निवडीपेक्षा तिचे महत्त्व अधिक आहे.

आपण लिहिलेली दोन वर्षे अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, आणि सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्या शिवारात शिरल्या. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. हवामान विभागानेही २०२० साली आपल्या सर्वसाधारण तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर आली. सोयाबीनवाल्यांना यातली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त बोचते, कारण जूनच्या मध्यावर पेरलेला ९५ दिवसांचा वाण सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काढणीला येतो, म्हणजे पाऊस अजून जायचा असतानाच.

म्हणून सातही एकरांत एकच वाण एकाच दिवशी पेरणे आता परवडणारे नाही. जेएस ३३५ हा ९५ ते १०० दिवसांचा आणि फुले संगम हा १०० ते १०५ दिवसांचा वाण आहे; असे दोन वेगळ्या कालावधीचे वाण, शक्य झाल्यास आठवड्याच्या अंतराने पेरले, तर काढणीच्या वेळचा एखादा मोठा पाऊस सगळ्या पिकाला एकाच अवस्थेत गाठत नाही. त्याच्या जोडीला चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर ही परभणी कृषी विद्यापीठाची शिफारस पाळावी. तुरीचे मूळ खोल जाते आणि तिचा फुलोरा पुष्कळ उशिरा येतो, त्यामुळे ऑगस्टचा खंड सोयाबीनची शेंग रिकामी ठेवतो त्याच वर्षी तूर बरेचदा हात देते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा वाण मध्यम जमिनीत चांगला येतो. पाणी साचणाऱ्या खोलगट तुकड्यात मात्र तूर घेऊ नये, तिथे ती उभी मरते.

पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे ज्याला गावोगावी बीबीएफ म्हणतात त्या यंत्राने करावी. वरंब्यावर तीन किंवा चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी अशी ही मांडणी असते. पाऊस कमी झाला तर सरीत ओल धरली जाते आणि जास्त झाला तर तीच सरी पाणी बाहेर नेते. बियाणेही एकरी सुमारे पाव हिश्शाने वाचते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून, जो जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून मराठवाडा-विदर्भात चालू झाला, अनेक गावांतल्या शेतकरी गटांकडे हे यंत्र आलेले आहे आणि ते भाड्याने मिळते. ते मिळालेच नाही तर तिफणीने पेरून प्रत्येक चार ओळींनंतर एक सरी, पीक महिन्याचे झाल्यावर, कोळप्याला दोरी गुंडाळून काढावी. एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते : सरीचे शेवटचे टोक कुठे उघडते हे कोणी पाहत नाही. बांधाला जाऊन बंद झालेली सरी म्हणजे पाण्याचा हौदच, आणि तिच्यामुळे सपाट पेरणीपेक्षाही जास्त नुकसान होते. उताराला आडवी, पण अगदी हलका ढाळ ठेवून सरी काढावी आणि तिचे पाणी गवत राखलेल्या चरात सोडावे. हेही सांगितले पाहिजे की २०२५ च्या सप्टेंबरसारखे नदीचे पाणी शेतात आले तर कोणतीही सरी पीक वाचवत नाही. हा उपाय पावसाच्या पाण्यापुरता आहे, पुरापुरता नाही.

आता बियाणे. काढणीत भिजलेल्या सोयाबीनची उगवण हमखास घटते, कारण या दाण्याचे आवरण फार नाजूक असते. घरचे बियाणे वापरणार असाल तर मे महिन्यातच शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे आणि आठवड्याने उघडून चांगले कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर सपाट पेरणीला एकरी ३० किलो पुरते. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे, आणि साठच्याही खाली गेले तर ते बियाणे म्हणून वापरू नये.

पेरणीची वेळ तारखेवरून किंवा नक्षत्रावरून ठरवू नये. २०२५ साली रोहिणीतच जोरदार पाऊस झाल्यावर अनेकांना मोह झाला, आणि कृषी विभागाला घाई करू नका असे सांगावे लागले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्याशिवाय पेरू नये हा नियम जुनाच आहे. काळ्या जमिनीत वरचे दोन इंच चिखल असतो आणि खाली कोरडा ढेकूळ असतो, म्हणून कुदळीने वीतभर खणून पाहावे. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली आहे, हातात घेतलेल्या मातीचा लाडू वळतो पण तळहाताला चिकटत नाही, म्हणजे वाफसा आला. दाणा ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. आणि १५ जुलै उलटला तर सोयाबीनचा हट्ट सोडून तूर, बाजरी किंवा सूर्यफूल यांकडे वळावे.

सात एकरांपैकी अर्धा-पाऊण एकर तरी ज्वारीला द्यावा, असे आमचे मत आहे. त्याचे कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : मोबाइलवर पाऊस दाखवतात आणि आमच्याकडे थेंब पडत नाही. या अंदाजांवर विश्वास ठेवावा का? (परतूर, जि. जालना)

उत्तर : अंदाज जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो आणि पाऊस शिवारावर पडतो, त्यामुळे ही तफावत राहणारच, विशेषतः वळवाचा पाऊस एका गावात कोसळतो आणि शेजारचे गाव कोरडे ठेवतो. तरीही ‘पाच दिवसांत मोठ्या पावसाची शक्यता’ असे सांगितले असेल तर त्या दिवसांत फवारणी करू नये, युरिया टाकू नये आणि कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या उघड्या ठेवू नयेत, एवढा उपयोग निश्चित होतो. हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे मिळून दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला काढतात. ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीत मिळतो. वीज पडण्याची सूचना ‘दामिनी’ ॲपवर येते, आणि ते गुराख्यांच्या मोबाइलमध्ये असणे अधिक गरजेचे आहे.

याखेरीज स्वतःचे एक पर्जन्यमापक ठेवावे. बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा कोणताही डबा, झाड आणि भिंतीपासून दूर, सपाट जागी ठेवून रोज सकाळी त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तेवढे मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, हे लक्षात ठेवले म्हणजे आकडा डोळ्यांसमोर येतो.

प्रश्न : आमच्याकडे आठ संकरित गाई आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दूध निम्म्यावर येते आणि गाई उलटतात (रेतन करूनही गाभण राहत नाहीत). पत्र्याच्या गोठ्यात पंखे लावले तरी फारसा फरक पडत नाही. (संगमनेर, जि. अहिल्यानगर)

उत्तर : होल्स्टीन रक्ताची गाय थंड प्रदेशातली. ती जितके जास्त खाते आणि जितके जास्त दूध देते तितकी उष्णता तिच्या शरीरातच तयार होते, आणि ती बाहेर टाकता आली नाही की गाय खाणे कमी करते. म्हणजे दूध घटण्याआधी वैरण उरू लागते. दुधाच्या मापाकडे पाहण्याआधी गव्हाणीकडे पाहावे. ताण ओळखण्याची दुसरी साधी खूण म्हणजे श्वास. दुपारी दोनच्या सुमारास गाईच्या कुशीची हालचाल एक मिनिट मोजावी. एरवी ती वीस-तीस असते. साठच्या पुढे गेली, तोंड उघडे राहिले आणि लाळ गळू लागली तर गाय तापली आहे आणि उपाय आताच करायला हवा.

पंख्याने फरक पडत नाही, कारण तापलेल्या पत्र्याखालचीच हवा तो फिरवत राहतो. आधी पत्रा थंड करावा. वरच्या बाजूने चुन्याचा पांढरा हात द्यावा, शक्य असेल तर उसाच्या पाचटाचा किंवा तुराट्यांचा जाड थर घालावा, आणि पश्चिमेच्या बाजूला शेडनेट बांधावे. त्यानंतर पंख्याच्या जोडीला पाणी वापरावे : गाईच्या पाठीवर थोडा वेळ पाणी शिंपडायचे, मग पंख्याने ते वाळू द्यायचे, आणि पुन्हा शिंपडायचे. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते, नुसते अंग ओले ठेवून उपयोग नाही. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले चालते. कोकणातल्या दमट हवेत पाणी लवकर उडत नसल्याने तिथे मोकळ्या वाऱ्यावरच भर द्यावा लागतो. जागा असेल तर गाई बांधून ठेवण्याऐवजी मुक्त संचार गोठा करावा, म्हणजे गाय आपली सावली आणि आपले पाणी स्वतः शोधते. पिण्याचे पाणी चोवीस तास, सावलीत आणि भरपूर हवे. दुभत्या गाईला उन्हाळ्यात ऐंशी-शंभर लिटर सहज लागते, आणि उन्हात तापलेल्या टाकीतले पाणी ती पोटभर पीत नाही.

वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्यावा. कोरडा चारा पचताना उष्णता अधिक होते, म्हणून कडबा रात्रीच टाकावा. खनिज मिश्रण वाढवावे. खाण्याचा सोडा किती द्यावा हे आपल्या पशुवैद्यकांना विचारून ठरवावे.

गाई उलटण्याविषयी थोडे वेगळे बोलले पाहिजे. उन्हाळ्यात माज कमी काळ टिकतो आणि बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो, म्हणून दिवसा पाहणाऱ्याला तो चुकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रेतनाचे वेळापत्रकच हवामानाला धरून लावता येते. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. नोव्हेंबर ते जानेवारीत गाभण राहिलेली गाय ऑगस्ट ते ऑक्टोबरात विते, तिचे भरदुधाचे महिने थंडीत येतात आणि पुढच्या मेमध्ये ती दुधाच्या उतरत्या काळात असते, म्हणजे उष्णतेचा मारा सर्वांत कमी नुकसान करतो. आठही गाई एकाच वेळी अशा लावल्या तर दुधाचा रतीब तुटेल हे खरे, पण पाच-सहा गाईंपुरते तरी हे जमवावे.

प्रश्न : लाल कंधारी जनावरे विकून जर्सी घ्यावी, असे मुलगा म्हणतो. दुष्काळात चाऱ्याचा प्रश्न कसा सोडवावा? (कंधार, जि. नांदेड)

उत्तर : दूध डेअरीला घालून त्यावर घर चालवायचे असेल, तर लाल कंधारीच्या दुधावर ते होणार नाही, मुलाचे म्हणणे हिशेबाला धरून आहे. परंतु संकरित गाईला बारमाही हिरवा चारा, पाणी आणि औषधोपचार यांची हमी लागते, आणि ती हमी नसलेल्या शेतकऱ्याच्या दावणीला तीच गाय दुष्काळात सर्वांत आधी कर्ज होऊन बसते. आपल्याकडे बागायत किती आहे हे पत्रात नाही. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकत नसेल, तर एक-दोन लाल कंधारी किंवा देवणी गाई ठेवून जोडीला उस्मानाबादी शेळ्या वाढवणे अधिक सुरक्षित वाटते, कारण शेळी बांधावरच्या पाल्यावर जगते, बहुतेक वेळा जुळी देते आणि अडीनडीला एक विकता येते.

चाऱ्याची टंचाई केवळ पावसाने आणलेली नाही. मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि तिच्याबरोबर कडब्याच्या गंजीही गेल्या. सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा भरून काढत नाही. औशाच्या वाचकांना ज्वारी पेरा असे म्हटले ते यासाठी. ज्वारीचा वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्यावा : रब्बीत हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला मालदांडी किंवा फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा.

गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, तुडवून, प्लास्टिकने हवाबंद झाकावे आणि एकवीस दिवसांनी उघडावे. खाऊ घालण्याआधी थोडा वेळ पसरून वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नये, आणि युरियाचे पाणी राहिलेली बादली जनावराच्या तोंडाला लागणार नाही याची काळजी घ्यावी.

एक इशारा याच उत्तरात द्यायला हवा, कारण दरवर्षी खंडाच्या काळात यामुळे जनावरे दगावतात. पावसाच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले धुमारे यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. भुकेले जनावर अशा शेतात सुटले तर काही मिनिटांत धाप लागते, तोल जातो आणि ते कोसळते. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी खाऊ घालू नये, धुमाऱ्यांवर गुरे सोडू नयेत, आणि अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवावे. याला उतारा आहे, पण तो शिरेतून आणि तातडीने द्यावा लागतो.

प्रश्न : ३० × ३० × ३ मीटरचे अस्तर लावलेले शेततळे घेऊन ते बोअरने भरावे आणि त्यावर डाळिंब लावावे असा विचार आहे. योग्य होईल का? (देऊळगाव राजा, जि. बुलढाणा)

उत्तर : बाजूंचा उतार एकास एक धरला तर या तळ्यात काठोकाठ सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एका एकराला ५ सेंटिमीटरचे एक पाणी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागतात. म्हणजे कागदावर दहा एकरांचे एक पाणी झाले, आणि खरिपाच्या खंडात शेंगा भरताना दिलेले ते एक संरक्षित पाणी पूर्ण पिकाची किंमत वाचवू शकते. तुषार संचाने दिले तर आणखी क्षेत्र भिजेल. पावसाच्या वाहून जाणाऱ्या पाण्याने भरलेले तळे या कामासाठी उत्तम आहे.

बोअरने भरलेल्या तळ्याचा हिशेब वेगळा पडतो. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज खर्चून वर आणायचे आणि उन्हात पसरून ठेवायचे, असा तो प्रकार आहे. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. शिवाय आपले बोअर ज्या थरातून पाणी खेचते, त्याच थरावर शेजारच्या विहिरी आणि गावाचे पिण्याचे पाणी असते. म्हणून ओढ्याचे किंवा शेतातले वाहते पाणी अडवून भरता येत असेल तरच तळे घ्यावे, आणि पाणी आत येण्यापूर्वी गाळ बसण्यासाठी लहान खड्डा करावा. डाळिंबाची लागवड मात्र फेब्रुवारीत विहिरीला किती पाणी उरते यावरून ठरवावी, तळ्याच्या आकारावरून ठरवू नये.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात असून गावची पाच एकर जमीन बटईने दिली आहे. वाटेकरी चांगला आहे. पण बांधबंदिस्ती, गाळ, बीबीएफ यांविषयी सांगितले की तो हसून विषय बदलतो. (पुणे, मूळ गाव केज तालुक्यात)

उत्तर : त्याचे हसणे समजण्यासारखे आहे. हलक्या जमिनीत टाकलेल्या तलावाच्या गाळाचा फायदा कित्येक वर्षे मिळतो आणि बटई दर पाडव्याला नव्याने ठरते. मग खर्च आज त्याने करायचा आणि फळ पुढच्या वाटेकऱ्याने खायचे, असे होते. नुकसानीच्या बाबतीतही तीच गत आहे. अतिवृष्टीची शासकीय मदत सात-बारावर नाव असलेल्याच्या खात्यात जमा होते, म्हणजे बुडते त्याचे आणि पैसे येतात आपल्या मोबाइलवर. पीक विम्यासाठी वाटेकऱ्याला स्वतंत्र अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो आणि तो करून द्यायला मालक सहसा कचरतात. २०२३ च्या खरिपात राज्याने एका रुपयात विमा दिला होता; २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरीप पिकांसाठी २ टक्के झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पादनावर ठरू लागली, त्यामुळे हप्ता कोणी भरायचा हाही वादाचा मुद्दा होतो.

आपण किमान तीन, शक्यतो पाच वर्षांचा लेखी करार करावा. गाळ, बांध आणि सरींचे पाणी बाहेर काढणारा चर यांचा खर्च जमीनमालक म्हणून आपण करावा, कारण वाढलेली किंमत आपल्याच जमिनीत राहते. बियाणे, यंत्राचे भाडे आणि विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या वाट्याच्या प्रमाणात वाटून घ्यावा. शासकीय मदत आणि विम्याची रक्कम ज्या प्रमाणात लागवडीचा खर्च झाला त्याच प्रमाणात, रक्कम जमा झाल्यापासून पंधरा दिवसांत वाटली जाईल, असे एक कलम घालावे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून पिकाची नोंद, दर हंगामात वेळेत होते की नाही हे मालकानेच पाहावे. ती राहिली, तर पीक उभे असूनही सात-बारावर त्याची नोंद होत नाही आणि मदतीच्या वेळी वाटेकरी व मालक दोघेही तलाठी कार्यालयात हेलपाटे घालत बसतात.